कोड तोच, मग अडतं कुठे?

प्रश्न : ओपनजीएल (ग्राफिक्स काढायची लायब्ररी) आणि ग्लट (त्यासाठी खिडकी उघडून देणारी लायब्ररी) वापरून फिरणारा त्रिकोण काढला. लिनक्सवर छान चालतो. मॅकवर ‘हेडर सापडत नाही’ म्हणतो, विंडोजवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. कोड चुकला का?

उत्तर : कोड ठीक आहे, तो मोडू नका. मॅकवरची तक्रार कंपायलरची, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याची. तिथे ग्लटचं हेडर ‘जीएल’ नव्हे, ‘ग्लट’ फोल्डरच्या नावाने मागवावं लागतं; एक इफडेफ (‘मॅक असेल तर हे, नाहीतर ते’ अशी अट) पुरेल. लायब्ररीही कमांडमध्ये ‘एल’ऐवजी ‘फ्रेमवर्क’ पर्यायाने जोडायची. (२०१८च्या मोहावी या मॅकओएस आवृत्तीपासून ॲपलने ओपनजीएल कालबाह्य ठरवलंय, डेप्रिकेशनच्या वॉर्निंग येतील, त्यांनी घाबरू नका.)

विंडोजवर मात्र कंपायलरचं काम झालंय, अडलाय लिंकर, म्हणजे तयार कोडला लायब्ररी जोडणारा. हेडर फक्त सांगतं की असं फंक्शन आहे. ते प्रत्यक्ष लायब्ररीत असतं, आणि तिचं नाव इथे वेगळं. लिनक्सवर नुसतं ‘जीएल’, विंडोजवर ‘ओपनजीएल३२’. मशीन ६४ बिटचं असलं तरी ३२च! मिंगडब्ल्यूवर (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) सोबत फ्रीग्लटही (ग्लटचा मुक्त पर्याय) जोडा.

आणि कमांडमध्ये क्रम पाळा : आधी सोर्स फाइल, मग लायब्ररी. नावं बरोबर, क्रम उलटा, यात माझी अख्खी रात्र गेली आहे. तरीही अडलं तर एररची पहिली ओळ जशीच्या तशी कळवा.