कास पठारावर झाडं नाहीत, मग फुलं कुठून येतात?

तळं, मासा आणि शेवाळ हे पुस्तकी उदाहरण सोडून सजीव आणि निर्जीव घटक एकमेकांवर कसा परिणाम करतात ते सांगा, असं तुम्ही विचारलंय. मी साताऱ्याजवळचं कास पठार घेईन.

पठाराच्या माथ्यावर मोठी झाडं जवळजवळ नाहीतच. पाऊस कमी पडतो म्हणावं तर पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतो. अडचण पायाखाली आहे. बेसाल्ट लाखो वर्षं पावसात झिजला, त्यातली सिलिका आणि क्षार धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली; तोच हा जांभा. त्यावरची माती काही सेंटिमीटर, कुठे तीही नाही. जुलैत ती पाण्याखाली आणि मार्चमध्ये ठणठणीत कोरडी.

इथे टिकतात ती मुख्यतः चार महिन्यांत सगळं उरकणारी रोपं. गेंदासारखी बरीचशी पावसाळ्यात उगवून बी टाकून मोकळी होतात. वायतुरा कंदाच्या रूपात उन्हाळा काढतो.

पण खरी गंमत नायट्रोजनची आहे. सतत धुपणाऱ्या या आम्लधर्मी मातीत तो फारच थोडा. 'सीतेची आसवं' हे नाव कितीही हळवं असलं तरी ही वनस्पती मांसाहारी आहे! ओल्या मातीतल्या तिच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात आणि त्यांच्यातून नायट्रोजन मिळवतात. दवबिंदू नावाची वनस्पतीही तशीच, ती चिकट केसांवर किडे धरते. पर्यटक जिला 'मिकी माऊस' म्हणतात ती पिवळ्या फुलांची कवला ही वनस्पती शेंगावर्गीय. या कुळात मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात.

उलट दिशेनेही काम चालतं. उघड्या कातळावर आधी दगडफूल आणि शेवाळी बसतात, दगड हळूहळू कुरतडतात, आणि मेलेल्या गवताची भर पडून खळग्यांत माती साचते.

म्हणूनच 'थोडं खत टाकलं तर आणखी फुलतील' हा विचार इथे उलटा पडेल. माती सुपीक झाली की उंच गवत माजणार आणि बुटकी फुलं सावलीत गुदमरणार. मध्यंतरी पठाराला जाळीचं कुंपण घातलं, चराई थांबली, आणि त्यामुळे गवत वाढून फुलं घटली अशी तक्रार झाली. पुढे ती जाळी काढली. अर्थात गुरं गवत खातात तशी शेणही टाकतात, त्यामुळे किती चराई बरी हे ठरवणं सोपं नाही.