बी.एस्सी. झाली, कॉलेजात प्लेसमेंट नाही. मदत कोणाकडे मागावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर, एकही कंपनी कॉलेजात येत नसताना, नोकरीसाठी मदत नेमकी कोणाकडे मागावी आणि ती मिळत नसेल तर सरळ एम.एस्सी.ला प्रवेश घ्यावा का. मी अशाच एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि नऊ वर्षे प्लेसमेंट सेलचे काम पाहिले आहे. एम.एस्सी. विषयाच्या ओढीने करायची असेल तर जरूर करा. पण वर्ष रिकामे दिसू नये म्हणून घेतलेला प्रवेश दोन वर्षांनी तुम्हाला पुन्हा याच प्रश्नापाशी आणून सोडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या जागी मी आधी एक वर्ष शिकाऊ उमेदवारी, म्हणजे कंपनीत विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची अप्रेंटिसशिप, करीन.

शिकाऊ उमेदवारी म्हटले की आपल्याकडे फक्त आयटीआय आठवते, आणि त्यामुळे बी.एस्सी.ची मुले तिकडे वळतच नाहीत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. पदवीधरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेचे नाव ‘नॅट्स’ (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम). तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी होते आणि महाराष्ट्राचे काम मुंबईच्या विभागीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडून चालते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे विद्यावेतन दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले होते आणि त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते, म्हणून कंपनीलाही नवशिका घेणे परवडते. वर्ष संपल्यावर कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही, हे घरी आधीच स्पष्ट सांगून ठेवा. मात्र इथे क्रम फार महत्त्वाचा आहे: पदवी मिळून पाच वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा आणि वर्षभराचा कामाचा अनुभव आधीच झालेला नसावा, अशी अट असल्यामुळे ही संधी नंतरसाठी राखून ठेवता येत नाही.

राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये ठरवले गेले. रक्कम जास्त दिसते. पण माझे जे विद्यार्थी त्यात गेले, त्यांतले बरेच जण सरकारी कार्यालयात लिखापढीच्या कामावर बसले आणि त्यांचा प्रयोगशाळेचा हात सुटला. रसायनशास्त्राच्या पदवीधराने पैसे थोडे कमी मिळाले तरी क्यूसी लॅबच, म्हणजे मालाचा दर्जा तपासणारी प्रयोगशाळाच, निवडावी, असे मला मनापासून वाटते. कुरकुंभ, महाड, लोटे परशुराम, तारापूर या औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक आणि औषधी कारखान्यांना अशा मुलांची गरज असते. आपल्या कॉलेजात ते येत नाहीत, कारण पाच-सहा मुलांसाठी एवढ्या लांब येणे त्यांना जमत नाही; आपणच तिकडे जायचे असते.

आता कॉलेजच्या प्लेसमेंट सेलविषयी. बहुतेक ठिकाणी हे काम तास, परीक्षा आणि नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कागदपत्रे सांभाळून एखादा प्राध्यापक करतो. त्याच्यापुढे जाऊन ‘सर, काही जॉब असेल तर सांगा’ असे म्हटले की तो नाव लिहून घेतो आणि तिथेच विषय संपतो. मीही अशी कितीतरी नावे लिहून घेतली आहेत आणि त्याची मला आजही खंत वाटते. त्याऐवजी ‘मागच्या पाच वर्षांत आपल्या विभागातले कोण कोण लॅबमध्ये लागले आहेत आणि त्यांपैकी दोघांशी मला बोलायला मिळेल का’ असे विचारा. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर असते. दोन वर्षांपूर्वी लागलेला मुलगा तुम्हाला शिफ्ट, बस, खोलीभाडे आणि मुलाखतीतले प्रश्न, सगळे खरे सांगतो.

मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत प्रथम वर्षाचेच विचारतात. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण वापरण्यापूर्वी प्रमाणित का करावे लागते? ते हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे वजन करून घेतले तरी संहती अचूक राहत नाही. कॉलेजात आपण ते ऑक्झॅलिक आम्लाने प्रमाणित करतो. उद्योगात बहुधा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरतात. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीतला फरक, पीएच मीटर बफरने का जुळवतात, प्रकाशशोषणाचा बीअर-लॅम्बर्ट नियम कोणत्या उपकरणाच्या मुळाशी आहे, हे उदाहरणासह सांगता आले पाहिजे. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे उपकरण, फक्त पाहिले असेल तर बायोडाटात ‘पाहिले आहे’ असेच लिहा. ‘हाताळले’ लिहिले की पुढचा प्रश्न त्यातला कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) कोणता होता हाच येतो, आणि तिथे अडखळलेला उमेदवार बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही गमावतो.

जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही नाव नोंदवा; तिथले रोजगार मेळावे विनाशुल्क असतात. नोंदणी फी, गणवेश किंवा अनामत रक्कम म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून उठून या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतले सात हजार रुपये अशा एका एजंटला दिले होते. ते परत मिळाले नाहीत.

रुजू होताना एक गोष्ट तपासा. तुमचा शिकाऊ उमेदवारीचा करार नॅट्सच्या संकेतस्थळावर नोंदला गेला आहे का, की तुम्हाला कंत्राटदाराच्या हजेरीपटावर घेतले आहे? करार नोंदलेला असेल तरच वर्षअखेर मुंबईच्या त्या विभागीय मंडळाचे प्रमाणपत्र मिळते, म्हणून नोंदणी क्रमांक पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.