अर्धवेळ स्टॉक कार ड्रायव्हर: करिअर की हौस?

तुम्ही विचारलंय, नॅसकारमध्ये, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार (साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्या) शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या स्पर्धांत, वर्षाला चार-सहा शर्यतींत गाडी पळवणाऱ्याला 'करिअर' म्हणायचं की ती नुसती हौस, आणि त्यात पोट भरतं का. 'हौस' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. आमच्या घरात या एका शब्दावरून २००९पासून वाद चालू आहे.

मी अमेरिकेत शार्लटजवळ राहतो, सीएनसी मशीनवर काम करतो. दादाचं कोल्हापुरात इंजिन बोअरिंगचं दुकान आहे. त्या वर्षी मे महिन्यात, ऑल-स्टार शर्यतीच्या आठवड्यात, कार्ल लाँग या छोट्या संघाच्या ड्रायव्हरचं इंजिन सरावातच गेलं. त्यानं दुसरं चढवलं आणि उतरवलेलं इंजिन नॅसकारनं मोजायला नेलं. सिलिंडरांच्या एकूण आकारमानाची मर्यादा ३५८ घनइंच, भरलं ३५८.१७. क्रू चीफला, म्हणजे संघाच्या मुख्य मेकॅनिकला, दोन लाख डॉलर दंड, तोवरचा सगळ्यात मोठा. कार्लवर १२ शर्यतींची बंदी, अपिलात ती ८वर आली.

त्या रात्री मी दादाला फोन लावला. त्यानं तिथल्या तिथे हिशेब केला. आठ सिलिंडर, म्हणजे एकाला ०.०२ घनइंच, बोअरमध्ये (सिलिंडरच्या व्यासात) जेमतेम एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. "लेका, तापून झिजलेलं इंजिन एवढं वाढतंच. यानं गाडी काय उडणार हाय?" इंजिन विकत घेतलेलं होतं, झिजलं होतं, हेच कार्लही सांगत होता. मला भरून आलं. आणि मग दादा म्हणाला, "पण बायको असताना माणसानं असली हौस करायचीच कशाला?" मी फोन ठेवला. पुढचे दोन महिने आम्ही बोललो नाही.

कार्ल स्वतः मेकॅनिक. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून स्वतःची उभी करणारा. क्रू चीफचा दंड त्याच्याच संघावर पडला, तो भरता येईना म्हणून कप मालिकेचं, नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेचं, दार बंद झालं. खालच्या मालिकांत तो पळत राहिला, स्वतःचा संघ उभा केला आणि २०१७मध्ये कॅन्ससला पुन्हा कप शर्यतीत उतरला. आठ वर्षं. हौशी माणूस पहिल्या बिलालाच घरी जातो.

आता पोटाचं. फक्त गाडी चालवून भरत नाही. अर्धवेळ ड्रायव्हर आठवडाभर दुसरं काम करतो, बहुतेकदा गॅरेजातलंच. शर्यतीतली जागा हातातल्या कसबापेक्षा पैशावर ठरते. २०००मध्ये कोका-कोला ६०० या कप शर्यतीसाठी कार्ल पात्र ठरला, नावाजलेला ड्रायव्हर डॅरेल वॉल्ट्रिप ठरला नाही, तरी शर्यतीला कार्लच्या गाडीत वॉल्ट्रिप बसला. पूर्वी ४३ गाड्या सुटायच्या, छोटे संघ थोड्या फेऱ्या मारून गाडी बाजूला घेत आणि बक्षिसाच्या पैशावर पुढचा आठवडा काढत. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी टायरच्या एका सेटची किंमत विचारून यावी. २०१६पासून ४० जागा, त्यातल्या ३६ चार्टरवाल्यांच्या, म्हणजे प्रत्येक शर्यतीत जागा पक्की असलेल्या संघांच्या. उरलेल्या ४साठी बाकीच्यांची मारामारी.

आणि अर्धवेळ म्हणजे कमी दर्जाचा, हे डोक्यातून काढा. २०११ची डेटोना ५००, कप मालिकेतली सगळ्यात मानाची शर्यत, ट्रेव्हर बेनने जिंकली. वय २० वर्षं १ दिवस, कप मालिकेतली दुसरीच शर्यत, आणि वुड ब्रदर्स संघाची ती गाडी पूर्ण हंगाम पळणारच नव्हती. त्यानं गुणांसाठी खालची मालिका निवडलेली, म्हणून एवढं जिंकून कपचा एक गुणही मिळाला नाही. याला कोण हौस म्हणेल?

अर्थात बेनसारखं सगळ्यांचं होत नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. कर्ज काढून यात पडू नका. नोकरी सोडू नका. जवळच्या शॉर्ट ट्रॅकवर (छोट्या लांबीच्या शर्यतीच्या ट्रॅकवर) शनिवारी जा, कुणाच्या तरी संघात टायर उचला, एक हंगाम काढा.

आणि घरच्यांनी हौस म्हटलं तर फोन ठेवू नका, मी ठेवला ती चूक झाली. त्यांना हिशेब दाखवा. दादा, तू हे वाचशीलच. सकाळी आठला शटर उघडून रात्री दहापर्यंत तू दुसऱ्यांच्या इंजिनात एक थाऊ शोधत बसतोस, रविवारीसुद्धा. कार्ल तेच करत होता.