तांब्याच्या नळीचा जोड: फ्लेअर करू की स्वेज?

जोड पुढे कधी उघडावा लागणार असेल तर फ्लेअर. कायमचा असेल, भिंतीत बुजणार असेल, तर स्वेज करून डाख द्या.

फ्लेअर म्हणजे नळीचं तोंड ४५ अंशांत कर्ण्यासारखं उघडणं. सगळ्यात आधी नट नळीत ओवा. हे विसरून तयार झालेली तोंडं मी किती वेळा कापून टाकलीत, विचारू नका! कटरने कापल्यावर आत वळलेली धार रीमरने काढा, नाहीतर तोंड चिरतं. तोंड उघडणाऱ्या अवजाराच्या शंकूला (कोनला) तेलाचा थेंब लावा नि सावकाश फिरवा. झालेला फ्लेअर नटमध्ये अलगद बसला पाहिजे, आट्यांना घासता कामा नये. आणि टेफ्लॉन टेप नको. इथे गळती थांबते ती तांबं समोरच्या पितळी फिटिंगवर घट्ट दाबलं गेल्यामुळे, आट्यांमुळे नाही.

स्वेजमध्ये एका नळीचं टोक फुगवून त्यात त्याच मापाची दुसरी नळी घालतात. आत जाणारी लांबी साधारण नळीच्या बाहेरच्या व्यासाइतकी ठेवा. दोन नळ्या जोडायला वेगळा सॉकेट लागत नाही, आणि दोनऐवजी एकाच ठिकाणी डाख.

दोन्ही कामं मऊ नळीवरच. नळी कडक असेल तर टोक मंद लाल होईपर्यंत तापवा, गार होऊ द्या, मग हात लावा.