यकृतातील गळू आणि एआरटीची गोळी

प्रश्न : माझे वय ३९ वर्षे असून सहा वर्षांपासून माझी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) चालू आहे, सध्या केंद्रातून डोल्युटेग्राव्हिर असलेली रोजची एक गोळी मिळते. गेल्या महिन्यात ताप आला, उजव्या बरगडीखाली दुखू लागले आणि तपासणीत यकृतात ७ सेंटिमीटरचे अमीबाचे गळू निघाले. १० दिवस मेट्रोनिडॅझोल घेतल्यावर दोन्ही त्रास थांबले, पण परवाच्या सोनोग्राफीत अजूनही ६ सेंटिमीटरची पोकळी दिसते. एचआयव्हीमुळे औषध लागू पडले नाही का? यकृताला विश्रांती म्हणून एआरटी काही दिवस बंद ठेवावी का?

उत्तर : औषध लागू पडले आहे. या आजारात सुधारणा ताप, वेदना आणि भूक यांवरून ठरते. अमीबा काही दिवसांत मरतो, पण त्याने पोखरलेली जागा भरून येण्यास कित्येक महिने लागतात, आणि हे एचआयव्ही नसलेल्या रुग्णातही तसेच घडते. त्यामुळे इतक्या लवकर केलेली सोनोग्राफी बहुधा घबराटच वाढवते.

एआरटी मात्र एक दिवसही थांबवू नये. डोल्युटेग्राव्हिर आणि मेट्रोनिडॅझोल एकत्र घेता येतात. अडचण निराळ्याच गोळीने होते : पोटात जळजळते म्हणून दिलेले, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले अँटासिड डोल्युटेग्राव्हिरचे शोषण घटवते, म्हणून एआरटीची गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. लोह वा कॅल्शियमची गोळी चालू असल्यास ती एआरटीसोबत जेवतानाच घ्यावी, उपाशीपोटी नव्हे.

आपल्या पत्रात एका औषधाचा उल्लेख नाही, आणि ते अनेकदा राहूनच जाते. मेट्रोनिडॅझोल यकृतातील अमीबा मारते, परंतु आतड्यात दडून राहिलेल्या अमीबावर त्याचा भरवसा नसतो. त्यासाठी डायलोक्झानाइड फ्युरोएट, सामान्यतः ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असे १० दिवस, किंवा पॅरोमोमायसिन देतात. शौच तपासणीत काही सापडले नाही तरीही हा टप्पा टाळू नये, अन्यथा गळू पुन्हा होऊ शकते. ते आपणास दिले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. मद्य घेत असल्यास सध्या ते पूर्ण बंद ठेवावे.

ताप पुन्हा आला, खोकला वा धाप लागली किंवा पोट एकाएकी दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे : गळू छातीत वा पोटात फुटलेले असू शकते. तशा वेळी सुईने पू काढून त्यात क्षयाचे किंवा इतर जिवाणू आहेत का, हेही पाहावे लागते, आणि एचआयव्ही असताना ती शंका डॉक्टरांनी लवकर घ्यावी.