उपाशी माशाचं विटेलोजेनिन

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सर्वांत मोठ्या मात्रेच्या टाकीत माद्यांचं विटेलोजेनिन निम्म्यावर आलं, म्हणजे हे रसायन हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतं, असं तू लिहितोस. चार ओळींखाली तूच लिहितोस की त्या टाकीतले मासे खायला वर येत नाहीत. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघ.

विटेलोजेनिन हे प्रथिन यकृतात तयार होतं, इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनच्या हुकमावरून, आणि रक्तातून अंडाशयात जाऊन अंड्याचा बलक बनतं. नरातही त्याचं जनुक असतं, पण निजलेलं. म्हणून नराच्या रक्तात ते भरभरून दिसलं, तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काहीतरी आहे असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. मादीत ते घटण्याचं तसं नाही. टेस्टोस्टेरोनपासून इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज नावाचं विकर अडलं तरी घटेल, यकृताला इजा झाली तरी घटेल, आणि मासा नुसता उपाशी राहिला तरी घटेल. जिवावर बेतलं की मादी आधी अंड्यांवरचा खर्च थांबवते.

हीच चूक मी माझ्या पहिल्या अभ्यासात केली होती. परिणाम ठसठशीत दिसावा म्हणून वरची मात्रा चढी ठेवली. यकृताचे पातळ छेद शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशी सुजलेल्या आणि मेलेल्या होत्या. सहा महिन्यांचं काम आणि कितीतरी मासे वाया गेले. माशांचं अजूनही वाईट वाटतं.

रसायनांच्या चाचण्यांच्या पद्धती ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २२९ क्रमांकाच्या पद्धतीत २१ दिवस आणि तीन मात्रा असतात. वरची मात्रा अशी निवड की मासे खातील, पोहतील, अंगावर आजार दिसणार नाही. त्यासाठी आधी छोटी चाचणी कर. तिला वेळ जातो, जाऊ दे. रोज किती खाल्लं याची नोंद ठेव. पुढे निकाल वाचताना तीच वही सर्वांत उपयोगी पडते.

बेडकांच्या डिंभांवरच्या चाचणीत हा पेच थोडा सोपा होतो. वाढ मंदावली तर कारण कुठलंही विष असू शकतं, पण रूपांतर नेहमीपेक्षा लवकर झालं तर बोट थायरॉइडकडेच जातं.

तुझ्या टाक्यांच्या नळ्या कसल्या आहेत हे तू लिहिलं नाहीस. आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन न घालताच स्तनकर्करोगाच्या पेशी वाढू लागल्या होत्या. शोध घेतला तेव्हा प्लास्टिकच्या नळ्यांमधून इस्ट्रोजेनसारखं वागणारं नॉनिलफिनॉल झिरपत होतं; १९९१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणून नियंत्रण टाकीतल्या, म्हणजे रसायन न घातलेल्या टाकीतल्या, नरांचं विटेलोजेनिन सर्वांत आधी बघ. आणि पाण्यात किती रसायन घातलं यावर विसंबू नकोस, प्रत्यक्षात किती आहे ते मोज.

एवढी काटेकोर मेहनत कशाला, असं वाटेल तेव्हा कॅनडातल्या ऑन्टारियोमधला प्रयोगासाठी राखलेला २६० क्रमांकाचा तलाव आठव. २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत त्यात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं एथिनिलइस्ट्राडायॉल सोडलं होतं, लिटरला जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम. काठावर मेलेल्या माशांचा खच पडला नाही. नरांच्या अंगात विटेलोजेनिन साठलं, नवी पिल्लं येईनाशी झाली आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ नाहीसा झाला. नुसते मेलेले मासे मोजणाऱ्या चाचणीला यातलं काहीच दिसलं नसतं. तू करतोस ते काम हे दिसावं म्हणूनच आहे, आणि म्हणूनच आजारी माशाची साक्ष त्यात मिसळलेली मला चालत नाही.

तुझा निष्कर्ष चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. खालच्या दोन टाक्यांतले मासे नीट खात होते ना? त्यांचे आकडे वेगळे काढ. तिथेही विटेलोजेनिन मात्रेप्रमाणे उतरत असेल आणि यकृत धड असेल, तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. आधी यकृताचे छेद कापून घे, आणि कुठली काच कुठल्या टाकीची हे न सांगता माझ्याकडे पाठव.

तुझा,
सर