भ्रूण, गर्भ, अंकुर आणि डोहाळे

प्रश्न असा आलाय: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बियांच्या आतल्या बाळाला 'भ्रूण' म्हटलंय, सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवर 'गर्भलिंग निदान' लिहिलेलं असतं, आणि घरातल्या मोठ्या बायका म्हणतात भ्रूण हा शब्दच घरात काढू नको, अशुभ आहे. मग माणसाचा गर्भ, झाडाचा अंकुर आणि भ्रूण फक्त पेपरातल्या बातमीत, असं आहे का?

नाही, असं अजिबात नाही. भ्रूण बदनाम झाला तो 'स्त्रीभ्रूणहत्या'मुळे, आणि गंमत म्हणजे तिथे तो शब्द काटेकोरपणे बसतच नाही. वैद्यकात फलनापासून साधारण आठ आठवडे भ्रूण, नवव्यापासून गर्भ (रिपोर्टातले आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात त्यामुळे तिथे दोन वाढवून घ्या). सोनोग्राफीत लिंग ओळखू येईपर्यंत भ्रूणावस्था कधीच सरलेली असते, म्हणजे पाटी लिहिणारा पेपरवाल्यापेक्षा जास्त बरोबर आहे. बियांमधल्याला मात्र शेवटपर्यंत भ्रूणच म्हणायचं. अंकुर तो रुजल्यावर, कोंब साल फोडून बाहेर आला की मग. भ्रूणाला अंकुर म्हणणं म्हणजे पोटातल्या बाळाला रांगतं म्हणणं, एवढं झालं की विषय संपला.

पण विषय निघालाच आहे तर माझा खरा राग 'बीज' या शब्दावर आहे, म्हणजे शब्दावर नाही, तो वापरणाऱ्यांवर. मालिकांमध्ये कोणीतरी डोळे पुसत म्हणतंच, "माझ्या पोटात त्यांचं बीज वाढतंय". ही मनुस्मृतीतली जुनी मांडणी, स्त्री शेत आणि पुरुष बीज, आणि ती शेतीच्या हिशोबानेसुद्धा साफ चूक आहे. बी म्हणजे फलन होऊन गेल्यानंतरची गोष्ट! पुरुषाकडून जे येतं त्याच्याशी जुळणारं झाडात काय असेल तर परागनलिकेतून (परागकणातून फुटणाऱ्या बारीक नळीतून) उतरणाऱ्या दोन नर पेशी, बी नव्हे. त्यातली एक अंडपेशीला मिळते आणि भ्रूण होतो, दुसरी बीजांडातल्या (ज्याची पुढे बी होते त्यातल्या) मधल्या केंद्रकांना मिळते आणि भ्रूणाचं खाणं तयार होतं, हे दुहेरी फलन रशियन वनस्पतीशास्त्रज्ञ नवाशिनने 1898 मध्ये दाखवलं. नारळाचं पाणी आणि खोबरं हे त्या दुसऱ्या मीलनाचं फळ, खुद्द भ्रूण डोळ्याखाली एवढुसा असतो. हल्ली 'निषेचन' पण हिंदीतून घुसतंय, त्यात सिच् म्हणजे शिंपणं, परत सगळं श्रेय शिंपणाऱ्याला. आपलं 'फलन' काय वाईट आहे?

पटत नसेल तर मोड आलेले वाल घेऊन बिरड्यासाठी सोलायला बसा. बोटाला जे सालपट येतं ते आईचं, बीजांडाच्या आवरणाचं. आत दोन जाड दलं, आणि दोन्ही जिथे जोडलीत तिथे चिकटलेला वाकडा कोंब. दलंसुद्धा बाळाचीच बरं का, भ्रूणाची पहिली दोन पानं, सगळं अन्न पिऊन फुगलेली. 'डाळ' या 'दल'वरूनच, दल् म्हणजे फुटणं, दुभंगणं. ताटात वाढतो ते बिरडं म्हणजे नुकतंच अंकुरलेलं अख्खं भ्रूणच असतं, हे जेवताना सांगितलं की घरचे उठून जातात. (भाऊबीजेतली बीज वेगळी हो, ती द्वितीयेवरून आली.)

आता हे दल फुटण्याआधी काय होतं ते ऐका, कारण मी इथवर त्याच्यासाठीच आलोय. द्विदल झाडाचा भ्रूण आधी पेशींचा नुसता गोळा असतो, मग त्याच्या डोक्याशी दोन बाजूंना दोन उंचवटे येतात, होणारी दलं, आणि मधे खाच पडते, अगदी बदामाच्या पत्त्यावरचा आकार. वनस्पतीशास्त्रात या टप्प्याचं नावच हृदयाकार अवस्था आहे. ज्वारी, भात, नारळ यांना एकच दल म्हणून त्यांच्यात असा बदाम होत नाही. आणि आपल्याकडे गरोदर बाईच्या खाण्यापिण्याच्या हट्टाला शब्द काय आहे? डोहाळे! संस्कृत दोहद. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहितेत सरळ लिहिलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, त्याच्या इच्छा सुरू होतात, म्हणून द्विहृदया अशा त्या बाईला दौहृदिनी म्हणतात. एका देहात दोन हृदयं, आणि हट्ट दुसऱ्याचा. (खरं तर हृदय फलनानंतर 22 व्या दिवसाच्या आसपासच धडधडायला लागतं, पण सुश्रुताकडे सोनोग्राफी नव्हती.) जैन पंडित हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात दोहद या शब्दातल्या पहिल्या द चा ड होतो आणि शेवटच्या द चा ल होतो, आणि तिथून आपण डोहाळ्याला पोचतो, वाट एकदम साफ.

यावर लगेच कोणीतरी येऊन सांगेल की नाही नाही, मूळ 'दौर्हृद', दुः अधिक हृद, म्हणजे मळमळ, जी बिघडणं. काही कोशांत आहे तसं, मला माहितेय. काही जण दोह अधिक द करून दूध काढतात. या मंडळींनी आयुष्यात एकदा तरी डोहाळजेवण बघितलंय का? मळमळीचं कोणी कौतुक करून हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घालत नाही. माझं मत स्पष्ट आहे, दोहद हा प्राकृतात घडून संस्कृतात परत गेलेला शब्द, आणि दौर्हृद हे पंडितांनी नंतर शिवलेलं ठिगळ. 'बेबी शॉवर'वाल्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

आणि डोहाळे फक्त बाईलाच लागतात असं कुठाय? संस्कृतात झाडांनाही लागतात. तरुणीची लाथ बसली की अशोक फुलतो, तिने तोंडातल्या मद्याची चूळ टाकली की बकुळ. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकातली मालविका राणीचा पाय दुखावला म्हणून तिच्या जागी अशोकाला लाथ मारायला जाते आणि तिथूनच राजाचं पुढचं सगळं रामायण होतं. हे नुसतं कविलोकांचं नाही, माळ्यांचंही आहे. झाडाला अवेळी फुलं-फळं यावीत म्हणून जाणकार माणूस जे द्रव्य देतो त्यालाही कोशांत दोहदच म्हटलंय. म्हणजे कोकणात हापूसला लवकर मोहोर यावा म्हणून पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन) ओतणारे बागायतदार शुद्ध संस्कृतात आंब्याचे डोहाळेच पुरवतायत, फक्त या हट्टाला झाडाची संमती कोणी घेतलेली नाही.